परक्या कीर्दींची खतावणी : तिऱ्हाईत कुकी आणि व्यक्तीचे खाजगीपण

१

विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत अमळनेर हे दोन रेल्वे कंपन्यांच्या मार्गांचे संधिस्थान होते. सुरतेहून तापीच्या खोऱ्याने येणारा ताप्ती व्हॅली रेल्वेचा मार्ग येथवर येई, आणि जळगावकडून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा फाटा येथे त्याला मिळे. नंदुरबारकडून अमळनेरास येणारा सामान्य उतारू खिडकीवर पैसे देई व पुठ्ठ्याचे एक लहानसे तिकीट घेई. त्या तिकिटावर अनुक्रमांक असे, डब्याचा वर्ग असे, स्थानकांची नावे असत. उतारूचे नाव मात्र नसे. प्रवास संपला म्हणजे ते तिकीट फाटकावर परत द्यावे लागे, आणि त्यासरशी त्या अनुक्रमांकाचे त्या माणसाशी जडलेले नातेही संपे. कंपनीला हिशेब हवा होता तो पैशाचा. उतारू कोणाकडे गेला, बाजारात त्याने काय घेतले, परत केव्हा आला, याची नोंद ठेवण्याचे तिला कारण नव्हते व साधनही नव्हते.

आता अशी कल्पना करावी की, हे तिकीट फाटकावर परत घेतलेच जात नाही. ते उतारूच्या खिशात वर्षानुवर्षे राहते. शिवाय वाचनालय, दवाखाना, सराफाची पेढी आणि वर्तमानपत्राची कचेरी या प्रत्येक ठिकाणी दाराशी एकच अनोळखी इसम उभा असून, उतारूला नकळत तो खिशातील तिकिटाचा अनुक्रमांक वाचतो व आपल्या वहीत टिपून ठेवतो. उतारूने या इसमाशी कधी कोणताही व्यवहार केलेला नाही. त्याचे नावही त्याला ठाऊक नाही. आंतरजालावर ज्याला तिऱ्हाईत कुकी असे म्हणतात, तिचे कार्य नेमके या स्वरूपाचे आहे.

हा विषय इतिहासाच्या अभ्यासकाचा नव्हे, तो यंत्रविद्येचा आहे, अशी शंका येण्याजोगी आहे. परंतु कुकीला आता तीन दशकांचा इतिहास आहे. तिच्या संबंधीचे निर्णय, आक्षेप, माघारी आणि निवाडे लिखित स्वरूपात उपलब्ध आहेत. खानदेशालाही हा विषय परका नाही. १९४५ साली अमळनेर येथे वनस्पती तेलाच्या धंद्यासाठी निघालेली कंपनी पुढे विप्रो या नावाने संगणकाच्या व्यवसायात शिरली, हे येथे सर्वश्रुत आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, देशातील पहिला आधार क्रमांक दिला गेला तो याच प्रांतातील एका खेड्यात. प्रस्तुत लेखात दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. तिऱ्हाईत नोंदीचा धोका मुळात केव्हा ओळखला गेला, आणि ओळखला गेला असताना त्यापासूनचे संरक्षण इतके उशिरा का आले?

२

प्रथम शब्दांचा विचार करणे इष्ट होईल. ज्या हक्काची येथे चर्चा आहे त्यास कायद्याच्या मराठीत बहुधा 'गोपनीयता' म्हणतात. या शब्दाने काहीतरी लपविण्याची छटा येते, आणि मग 'ज्याला लपवावयाचे काही नाही त्याला भय कशाचे?' हा प्रश्न आपोआप निघतो. मराठ्यांच्या कारभारातील 'खासगी' हा शब्द अधिक उपयोगी आहे. १७३४ साली मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांना पेशव्यांकडून स्वतंत्र खासगी जहागीर मिळाली, आणि तेव्हापासून होळकरांच्या घराण्यात 'खासगी' आणि 'दौलत' असे दोन निराळे हिशेब चालत आले. खासगीत गुप्त असे काही नव्हते. तिचे उत्पन्न ठाऊक होते आणि तिच्या खर्चातून उभे राहिलेले घाट व देवळे तर सर्वांना दिसत होती. दौलतीच्या हिशेबात ती मिसळावयाची नाही, एवढाच तिचा अर्थ. खाजगीपण म्हणजे लपवालपव नसून हिशेबांचे वेगळेपण होय, ही कल्पना या शब्दातच आहे.

दुसरी जोडी पेढीवरची आहे. जुन्या दुकानदाराकडे रोजकीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या असत. व्यवहार घडतील त्या क्रमाने कीर्दीत टिपले जात; मग त्याच नोंदी एकेका माणसाच्या नावाखाली उचलून लावल्या जात, ती खतावणी. कीर्दीवरून दुकानाचा दिवस कळतो, खतावणीवरून माणूस कळतो. आपल्या दुकानापुरती खतावणी प्रत्येक व्यापारी ठेवतोच, आणि गिऱ्हाइकाचीही तीस हरकत नसते, कारण उधारीचा व्यवहार त्यावाचून चालत नाही. परंतु गावातील सर्व दुकानांच्या कीर्दी रात्री एकाच इसमाकडे जात असतील आणि तो प्रत्येक गावकऱ्याचे एकत्र खाते लावीत असेल, तर त्या खतावणीतून जे दिसेल ते कोणत्याही एका दुकानदाराला कधीच दिसले नसते. तिऱ्हाईत कुकीचा अपाय एखादी नोंद होण्यात नाही. परक्यांच्या कीर्दींची खतावणी तिऱ्हाइताने करण्यात आहे. पुढील सर्व विवेचन या एका भेदावर उभे आहे.

३

कुकीचा जन्म १९९४ सालचा. आंतरजालावरील पाने पाठविण्याची जी रीत होती तिच्यात स्मरणाची सोय नव्हती. ब्राउझरने एक पान मागितले, सर्व्हरने ते दिले, आणि व्यवहार तेथेच संपला. त्याच माणसाने पुढच्या क्षणी दुसरे पान मागितले तरी सर्व्हरच्या लेखी तो नवखाच. वाचनापुरते हे ठीक होते, पण खरेदीची टोपली अशा विस्मरणशील दुकानात भरता येत नसे. नेटस्केप कंपनीतील तंत्रज्ञ लू मोंटुली याने यावर उपाय काढला. सर्व्हरने ब्राउझरला एक लहानशी खूणचिठ्ठी द्यावी आणि ब्राउझरने पुढच्या वेळी तीच चिठ्ठी त्याच सर्व्हरला दाखवावी, असा तो उपाय. चिठ्ठीला 'कुकी' हे नाव संगणककारांच्या आधीच्या परिभाषेतून आले.

या ठिकाणी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. प्रत्येक ब्राउझरला एक कायमचा, सर्वत्र चालणारा क्रमांक देऊन टाकावा, हा याहून सोपा मार्ग उपलब्ध होता. मोंटुलीने तो विचारपूर्वक टाळला, कारण तशा क्रमांकाने माणसाचा माग स्थळोस्थळी काढता येईल हे त्याला दिसत होते. म्हणूनच जो सर्व्हर चिठ्ठी देईल त्यालाच ती परत दाखविली जाईल, असा निर्बंध कुकीच्या रचनेत घालण्यात आला. कुकी मुळात हिशेब वेगळे ठेवण्यासाठी रचलेली होती.

मग हा निर्बंध निष्फळ कसा झाला? त्याचे कारण पानाच्या घडणीत आहे. वाचकाला एकसंध दिसणारे पान वस्तुतः अनेक ठिकाणांहून गोळा केलेले असते. मजकूर एका सर्व्हरवरून येतो, जाहिरातीचे चित्र दुसऱ्या, आणि कित्येकदा डोळ्यांना न दिसणारा एका ठिपक्याएवढा तुकडा तिसऱ्या. ब्राउझर या प्रत्येकाकडे मागणी करतो, आणि मागणीबरोबर त्या त्या सर्व्हरची चिठ्ठी व बहुधा मूळ पानाचा पत्ताही पाठवितो. समजा, अमळनेरातील एका विद्यार्थ्याने सकाळी कापसाचे भाव पाहिले, दुपारी एका आजाराविषयी वाचले आणि संध्याकाळी शैक्षणिक कर्जाची चौकशी केली. ही तीन स्थळे एकमेकांस अनोळखी आहेत. तथापि तिन्ही पानांवर एकाच जाहिरात कंपनीचा तुकडा असेल, तर तिची चिठ्ठी तिन्ही वेळा तिच्याच हाती जाते. 'देणाऱ्यालाच दाखवावी' हा नियम अक्षरशः पाळला गेला, आणि तरीही खतावणी पूर्ण झाली.

४

हा धोका उशिरा कळला असे म्हणता येत नाही. फेब्रुवारी १९९६ मध्ये लंडनच्या फायनान्शियल टाइम्स या वृत्तपत्राने कुकीविषयी लेख छापला, आणि सर्वसामान्य वाचकाला तिचे अस्तित्व प्रथमच कळले. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९९७ मध्ये, आंतरजालाचे तांत्रिक संकेत ठरविणाऱ्या इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स या मंडळाने कुकीविषयीचा आपला पहिला संकेतलेख प्रसिद्ध केला. त्याचे कर्ते डेव्हिड क्रिस्टॉल आणि स्वतः मोंटुली हे होते. जो व्यवहार वापरणाऱ्याने समजून-उमजून आरंभिलेला नाही आणि ज्याची त्याला पडताळणी करता येत नाही, त्यात ब्राउझरने नवी कुकी स्वीकारू नये; तशी सोय ठेवावयाचीच असेल तर ती मुळात बंद असावी, असे या लेखात स्पष्ट म्हटले होते. रोग ओळखला गेला होता आणि औषधही लिहून दिलेले होते.

औषध घेतले मात्र गेले नाही. त्या काळच्या दोन्ही मुख्य ब्राउझरांनी, म्हणजे नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या ब्राउझरांनी, तिऱ्हाईत कुकी स्वीकारण्याची सोय मुळात चालू ठेवली. जाहिरातदारांचा धंदा तोवर तिच्यावर उभा राहू लागला होता आणि त्यांचा या शिफारशीस विरोध होता. ऑक्टोबर २००० मध्ये निघालेल्या सुधारित संकेतलेखाचीही गत तीच झाली. एप्रिल २०११ मध्ये तिसरा संकेतलेख आला तेव्हा प्रत्यक्ष वहिवाट मान्य करून तिऱ्हाईत कुकीचा निर्णय ब्राउझरांवरच सोपविण्यात आला.

खतावणीचा धोका केवळ तर्काचा नव्हता, हे डबलक्लिक या जाहिरात कंपनीच्या वृत्तान्तावरून दिसते. या कंपनीपाशी अनेक स्थळांवरून गोळा झालेल्या नोंदी होत्या, पण त्या निनावी चिठ्ठ्यांच्या होत्या. १९९९ मध्ये तिने अबॅकस डायरेक्ट ही कंपनी विकत घेण्याचे ठरविले. तिच्यापाशी टपालाने माल मागविणाऱ्या अमेरिकन कुटुंबांच्या खरेदीच्या नोंदी होत्या, आणि त्या नावानिशी होत्या. दोन्ही वह्या जोडण्याचा बेत जाहीर होताच फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनपुढे तक्रार दाखल झाली, आणि मार्चमध्ये कंपनीच्या प्रमुखाने चूक मान्य करून बेत थांबविला. गूगलने ही कंपनी घेण्याचे २००७ साली जाहीर केले व २००८ साली व्यवहार पुरा झाला. जाहिरातीच्या नोंदी व्यक्तीच्या नावाच्या खात्यापासून वेगळ्या ठेवण्याचे जे धोरण होते, ते २०१६ साली बदलण्यात आले. जी जोडणी २००० साली लोकक्षोभामुळे थांबली, तिची वाट सोळा वर्षांनी फारशी चर्चा न होता मोकळी झाली. या दोन प्रसंगांमधील फरक लोकांच्या नीतिकल्पनांत शोधण्यापेक्षा सवयीत शोधावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

५

संरक्षणाचा खरा आरंभ झाला तो नोंदींमागून नोंदी जमल्यावर. अ‍ॅपलच्या सफारी या ब्राउझरने २०१७ मध्ये माग काढणाऱ्या कुकींवर विशेष निर्बंध आणले आणि मार्च २०२० मध्ये तिऱ्हाईत कुकी सरसकट बंद केल्या. मोझिलाच्या फायरफॉक्सने सप्टेंबर २०१९ पासून ज्ञात मागकऱ्यांच्या कुकी मुळातच अडविण्यास सुरुवात केली. जून २०२२ पासून तर त्याने प्रत्येक संकेतस्थळासाठी कुकींची निराळी बरणी ठेवण्याची रीत सर्व वापरणाऱ्यांना लागू केली. या रीतीत तिऱ्हाईत चिठ्ठी देऊ शकतो, पण कापसाच्या पानावर दिलेली चिठ्ठी आजाराच्या पानावर त्याला दिसत नाही. कीर्द राहते आणि खतावणी मोडते. १९९४ मधील मूळ निर्बंधाचा हेतू अठ्ठावीस वर्षांनी अशा रीतीने परत आला.

सर्वाधिक वापरात असलेल्या क्रोमची हकीकत वेगळी आहे. जानेवारी २०२० मध्ये गूगलने दोन वर्षांत तिऱ्हाईत कुकी काढून टाकण्याची घोषणा केली. ही मुदत २०२१, २०२२ आणि २०२४ अशी तीनदा पुढे गेली. जुलै २०२४ मध्ये बेत सोडून वापरणाऱ्यास निवड देण्याचे ठरले, आणि एप्रिल २०२५ मध्ये तसा वेगळा प्रश्न विचारण्याचाही विचार रद्द झाला. कुकीऐवजी पुढे आणलेल्या पर्यायी योजनेचे बहुतेक भाग ऑक्टोबर २०२५ मध्ये गुंडाळण्यात आले. या दिरंगाईचा सर्व दोष लोभावर टाकणे सोपे आहे, परंतु ते पूर्ण सत्य होणार नाही. ब्रिटनच्या स्पर्धा-नियामकाने २०२१ मध्येच चौकशी आरंभिली होती. कुकी गेल्याने लहान जाहिरात कंपन्या आंधळ्या होतील आणि स्वतःच्या सेवांमधून भरपूर नोंदी मिळविणारी गूगल अधिकच प्रबळ होईल, अशी भीती तीमागे होती. वाचकाच्या ब्राउझरची किल्ली आणि जाहिरातीची खतावणी एकाच घरी असली म्हणजे संरक्षणाचा उपायही संशयास्पद ठरतो, हे या प्रकरणाचे तात्पर्य आहे.

६

आता खानदेशाकडे वळू. एकच खूण माणसामागे स्थळोस्थळी जावी, ही कल्पना या देशात संगणकाबरोबर आली असे नाही. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आरंभी उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्याने त्याचा अंमल मुंबई इलाख्यासह इतर प्रांतांत करण्याची मुभा मिळाली. जाहीर केलेल्या जमातीतील व्यक्तींची नोंदवही ठेवावी, त्यांच्या बोटांचे ठसे घ्यावेत, आणि ठरावीक काळाने त्यांनी हजेरी द्यावी, अशी तरतूद त्यात होती. ठशाचे प्रयोजन हेच की, माणूस दुसऱ्या जिल्ह्यात दुसरे नाव सांगू लागला तरी पहिल्या जिल्ह्यातील नोंद त्याला येऊन चिकटावी. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. परंतु 'विमुक्त' झालेल्या जमातींना जुन्या नोंदीची सावली पुढेही किती काळ वागवावी लागली, हे महाराष्ट्रातील सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांस सांगावयास नको. ठशाची सक्ती आणि जाहिरातीची चिठ्ठी यांची बरोबरी करणे हा इतिहासाचा विपर्यास होईल. एका बाजूस दंडशक्ती होती, दुसरीकडे विक्रीचा हेतू आहे. तथापि नोंद मूळ प्रसंगापासून सुटून माणसाच्या मागे चालू लागली म्हणजे तिच्याविरुद्ध दाद मागण्याचे ठिकाणच उरत नाही, एवढा धडा दोहोंस समान आहे.

अमळनेरहून सुरतेकडे जाणाऱ्या त्याच लोहमार्गावर नंदुरबार आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी, पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत, देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. पहिला क्रमांक मिळाला तो गावातील एका स्त्रीस. ज्याच्यापाशी कोणताही दाखला नाही त्याला आपण कोण हे सिद्ध करता यावे, हा हेतू निःसंशय चांगला होता. परंतु घडण पाहता, १९९४ मध्ये मोंटुलीने जो मार्ग टाळला तोच हा मार्ग होता : एक माणूस, एक कायमचा क्रमांक, सर्व दारांना तोच. शिधापत्रिका, बँकेचे खाते आणि दूरध्वनी या तिन्ही वह्यांत एकच क्रमांक पडला म्हणजे खतावणीस लागणारे सूत्र तयार होते. मग ती कोणी करो वा न करो.

क्रमही पाहण्यासारखा आहे. क्रमांक २०१० मध्ये सुरू झाले. त्यासंबंधीचा कायदा संसदेत संमत झाला तो मार्च २०१६ मध्ये, आणि पुढच्याच महिन्यात क्रमांकांची संख्या शंभर कोटींवर गेली. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये दाखल केलेल्या अर्जातून खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे काय, हा प्रश्न निघाला. १९६२ च्या खरक सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांच्या रात्रीच्या घरझडत्या अवैध ठरविल्या होत्या, परंतु खाजगीपणाचा हक्क घटनेत हमी दिलेला नाही असेही म्हटले होते. न्यायमूर्ती सुब्बा राव यांचे मत त्याविरुद्ध होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो हक्क एकमताने मान्य केला. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने आधार योजना बहुमताने वैध ठरली. मात्र बँकेचे खाते व दूरध्वनी यांच्याशी सक्तीची जोडणी आणि खाजगी कंपन्यांस कराराच्या आधारे क्रमांक वापरण्याची मुभा, ही रद्द झाली. २०१९ च्या दुरुस्तीने स्वेच्छेने असा वापर करण्याची वाट काही प्रमाणात पुन्हा उघडली.

या वादाच्या ऐन भरात, जानेवारी २०१८ मध्ये, आधार प्राधिकरणाने दोन तांत्रिक उपाय जाहीर केले. एक, मूळ क्रमांकाऐवजी देता येईल असा, हवा तेव्हा बदलता येणारा सोळा अंकी आभासी क्रमांक. दुसरा, प्रत्येक संस्थेसाठी वेगळा निघणारा बहात्तर चिन्हांचा संकेत. या संकेताने एक संस्था त्याच माणसाला पुन्हा ओळखू शकते, पण दोन संस्थांना आपल्या वह्या शेजारी ठेवून तो एकच माणूस आहे असे ताडता येत नाही. वाचकांच्या ध्यानात येईल की, फायरफॉक्सची निराळी बरणी आणि आधारचा निराळा संकेत हे एकाच विचाराचे दोन आविष्कार आहेत. एका देशाच्या नोंदणी-व्यवस्थेने आणि एका ब्राउझरने, परस्परांशी संबंध नसताना, चार वर्षांच्या अंतराने एकच उत्तर काढावे, ही गोष्ट त्या उत्तराच्या बाजूने बरेच काही सांगते. दारागणिक वेगळी खूण, हे ते उत्तर.

७

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, आंतरजालावरील मजकूर फुकट मिळतो तो जाहिरातीमुळे; माग काढणे थांबविले तर लहान मराठी वृत्तस्थळे जगणार कशी? हा आक्षेप हलका नाही. परंतु जाहिरात आणि माग या एकच वस्तू नव्हेत. दिवाळी अंकांनी शंभराहून अधिक वर्षे जाहिरातींवर निर्वाह केला. जाहिरातदार अंक पाहून पैसे देत असे, वाचकाच्या घरात डोकावून नव्हे. शेतीविषयक पानावर बियाण्याची जाहिरात लावण्यास वाचक कोण आहे हे कळावे लागत नाही.

दुसरा आक्षेप असा की, वाचकाची संमती घेतली म्हणजे प्रश्न सुटतो. युरोपात २००९ च्या सुधारणेपासून कुकीसाठी संमती आवश्यक आहे, आणि आधीच खूण केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे असा निवाडा युरोपीय न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी दिला. आपल्या देशात ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची मान्यता मिळालेल्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने संमती मोकळी, विशिष्ट आणि नेमक्या माहितीवर आधारलेली असावी असे सांगितले आहे. बालकांचा माग काढणे व त्यांना हेरून जाहिरात करणे यांस त्याने मनाई केली आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावयाच्या आहेत. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याचा पर्याय असावा, ही तरतूद स्वागतार्ह आहे; ती मराठीतही मिळेल. पण टेंभलीच्या परिसरातील भिल्ली बोली आणि अमळनेरच्या बाजारातील अहिराणी त्या अनुसूचीत नाहीत. ज्या मुलखात पहिला क्रमांक दिला गेला, त्या मुलखाच्या घरातल्या भाषेत संमती मागण्याचे बंधन कायद्याने कोणावर घातलेले नाही. शिवाय न कळणाऱ्या व्यवहाराला दिलेली संमती ही कोणत्याही भाषेत दिली तरी अपुरीच. दिवसातून वीसदा पुढे येणारी चौकट माणूस वाचत नाही. तो ती बाजूला सारतो.

यावरून पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर मिळते. धोका १९९४ मध्ये दिसला होता आणि १९९७ मध्ये त्यावरचा उपाय लिहिला गेला होता. संरक्षण रखडले ते अज्ञानामुळे नव्हे. मुळात काय चालू असावे आणि काय बंद असावे, हे ठरविण्याचा अधिकार ज्यांना खतावणीचा लाभ होता त्यांच्याकडेच राहिला. बहुसंख्य माणसे मूळ सोय बदलीत नाहीत. त्यामुळे मूळ सोय हाच व्यवहारात कायदा ठरतो. जेथे ती बदलली तेथे कोट्यवधी वापरणारे काहीही न करता सुरक्षित झाले. जेथे बदलली नाही तेथे निवडीचे स्वातंत्र्य कागदावर राहिले. म्हणून खाजगीपणाच्या संरक्षणाचा भार एकेकट्या माणसाच्या सावधगिरीवर टाकणे अनैतिहासिक आहे. शिवाय कुकी गेली तरी काम संपत नाही. ब्राउझरच्या अक्षरवळणांवरून व पडद्याच्या मापांवरून माणूस ओळखण्याच्या युक्त्या आधीच वापरात आहेत. साधने बदलत राहतील. पाहावयाचे ते एवढेच की, दोन दारांच्या नोंदी जोडण्याचे सूत्र कोणाच्या हाती जात आहे.

अमळनेरच्या फाटकावर परत दिले जाणारे ते पुठ्ठ्याचे तिकीट आज इतिहासजमा झाले आहे, आणि त्याची हळहळ वाटण्याचे कारण नाही. पण त्याच्या मागे एक रीत होती. खूण कामापुरती असावी, काम संपताच ती माणसापासून सुटावी, आणि ज्याच्याशी व्यवहार नाही त्याच्या हाती ती पडू नये. ही रीत कोणत्याही कंपनीने उदारपणाने घालून दिलेली नव्हती. त्या काळच्या साधनांच्या मर्यादेतून ती आपोआप पाळली जात होती. आज साधनांना ती मर्यादा राहिलेली नाही. जी रीत पूर्वी पुठ्ठ्याने सांभाळली ती आता कायद्याने आणि यंत्ररचनेने जाणूनबुजून सांभाळावी लागेल.